एकतिसावा प्रश्न

त्या शिकवणीत परीक्षेपेक्षा परीक्षेनंतरचा तास मुलांना जास्त छळायचा. त्याला ‘एकमताचा तास’ म्हणत. म्हणायला तास, चालायचा कधी दोन तास, कधी तीन. सराव परीक्षा संपली की मुलांचे पाच-पाचांचे गट करायचे, एकेका गटाला एकेका खोलीत घालायचं, हातात प्रश्नपत्रिका आणि एक कोरा कागद द्यायचा, आणि बाहेरून दाराला कडी घालून वर कुलूप लावायचं. साठही प्रश्नांना पाचजणांनी मिळून एकच उत्तर ठरवायचं, कागदावर लिहायचं, खाली पाच सह्या करायच्या आणि कागद दाराच्या फटीतून बाहेर सरकवायचा. मग दार उघडणार. एकाला जरी पटलं नाही तरी पाचहीजण आत. ज्याला दुसऱ्याला पटवता येतं त्यालाच विषय कळलेला असतो, असं सरांचं म्हणणं होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. फक्त मुलं वर घामाने निथळत भांडत असताना सर खाली आपल्या खोलीत पंख्याखाली डुलकी काढत असत, एवढंच.

बाहेर व्हरांड्यात स्टुलावर शिपाईमामा बसत. परीक्षेत मुलांनी पेन्सिलीने गोल काळे केलेले उत्तरांचे कागद तोपर्यंत त्यांच्या मांडीवर, फितीने बांधलेले. सगळ्या खोल्यांमधून एकमताचे कागद आले की दोन्ही मिळून खाली यंत्राकडे जायचे. तोवर त्या गठ्ठ्याला दुसरा कुणी हात लावत नसे. बावीस वर्षांत या माणसाने खडूचा तुकडासुद्धा घरी नेला नव्हता, हे सर दर वर्षी नव्या पालकांना सांगत, आणि दर वर्षी मामा खाली मान घालून उभे राहत.

सगळीच मुलं त्यांना मामा म्हणत. पण कोपऱ्यातल्या खोलीत त्या दिवशी कोंडलेल्या पाचांपैकी एकीचे ते खरोखरचे मामा होते, आईचे सख्खे भाऊ. ती सहा वर्षांची असताना आई गेली, वडिलांनी दुसरीकडे संसार मांडला, आणि मामांनी तिला आणलं. बिनलग्नाचा माणूस, वेणी घालता येईना. तर दाराच्या कडीला सुतळीचे तीन पदर बांधून रोज रात्री सराव करत बसायचे. आता ती सोळा वर्षांची होती आणि वेणी स्वतःच घालत होती, पण त्या कडीला सुतळीचा एक तुकडा अजून तसाच होता.

शिकवणीत तिचं नाव पडलं होतं वकीलबाई. कुठल्याही प्रश्नावर, कुठल्याही बाजूने, ती समोरच्याला गप्प करी. मुद्दाम नव्हे, तिला खरंच मजा येई. एखादी गोष्ट अशीच का आणि तशी का नाही, हे उलगडत जाताना तिचे डोळे चमकत. पण तीच गोष्ट चार पर्यायांत चिरून समोर आली आणि शेजारी घड्याळ लावलं की ती चमक जाई आणि हात गार पडत. लोक म्हणत, वकीलबाईला सगळं येतं. येत होतंच. पण येणं आणि ते रोज पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत काळ्या गोलांत भरत बसणं यांत फरक आहे, हे कुणाला सांगावं?

ही बारा सराव परीक्षांतली शेवटची होती. हिच्या गुणांवर पहिली तुकडी ठरायची. पहिली तुकडी म्हणजे सोळा मुलं, सगळ्यांत वरचा मजला, अकरा महिने. जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी. तिथेच झोपायचं, तिथेच जेवायचं, महिन्यातून एका रविवारी एक तास घरच्यांशी जाळीतून बोलायचं. बाकीची मुलं संध्याकाळच्या साध्या वर्गाला येत आणि घरी जात. गेल्या वर्षी वरच्या तुकडीतली एक मुलगी जाळीशी उभी राहून रस्त्यावरच्या गाड्या मोजत असे. वकीलबाईने एकदा खालून विचारलं होतं, “किती झाल्या?” त्यावर ती म्हणाली, “लाल फक्त मोजते. सगळ्या मोजल्या तर अभ्यास बुडतो.” हे ती हसत म्हणाली नव्हती.

तेव्हापासून वकीलबाईला ती जाळी झोपेतही दिसत असे. तिला तिथे जायचं नव्हतं. आणि हे मामांना सांगता येत नव्हतं, एवढीच अडचण होती.

पहिल्या तुकडीची नावं फळ्यावर लिहायचं काम मामांचं. अक्षर मोत्यासारखं, म्हणून. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलांची नावं लिहून पुसली होती त्यांनी. या वर्षी घरात येता-जाता म्हणत, “यंदा एक नाव सावकाश लिहिणार आहे बुवा मी. सर ओरडले तरी चालेल.” दोनदा तिने सांगायला तोंड उघडलं होतं. एकदा मामा त्यांचा एकुलता एक चांगला सदरा इस्त्री करत होते, पालकांना बोलावतील त्या दिवसासाठी. दुसऱ्यांदा ते शेजाऱ्यांना तिच्याबद्दल सांगत होते. दोन्ही वेळा तिने उघडलेलं तोंड जांभई देऊन मिटलं. जगाशी वाद घालणारी मुलगी, पण मामांपुढे तिची दातखीळ बसायची.

तर खोलीत पाचजण होते. वकीलबाई. समोर डॉक्टरीण, जिच्या घरी आजोबांपासून सगळे डॉक्टर आणि जिला कुणी ‘बहुतेक’ म्हटलेलं चालत नसे. तिच्या शेजारी पणकर; हे त्याचं आडनाव नव्हतं, पण त्याचं प्रत्येक वाक्य ‘पण’ने सुरू व्हायचं. मग ठप्पा, जो शेवटी बोलेल त्याच्या मतावर शिक्का मारणारा. आणि भिंतीला टेकून वेल्डर. वडिलांचं वेल्डिंगचं दुकान, तिथे हातभार लावून हा तिसऱ्यांदा परीक्षेला बसलेला, सगळ्यांत थोराड.

खोली एके काळी प्रयोगशाळा होती. ओट्यावर आम्लाचे जुने डाग, कपाटात रिकाम्या काचेच्या बरण्या, व्हरांड्याकडे गज लावलेली एक खिडकी. पंखा होता, तो हवेपेक्षा आवाज जास्त देत होता.

नवव्या प्रश्नालाच ठिणगी पडली. मधे भोक असलेला पत्र्याचा तुकडा तापवला तर भोक मोठं होईल की लहान?

“लहान,” डॉक्टरीण म्हणाली. “धातू तापला की पसरतो. बाहेरही पसरणार, आत भोकातही पसरणार. यात वाद कसला?”

“मग आम्ही दुकानात वेडे आहोत का?” वेल्डर म्हणाला. “बेअरिंग बसत नसलं की बाहेरची रिंग तापवतो आम्ही. भोक मोठं होतं, बेअरिंग आत जातं. गार झालं की असं आवळतं, हत्ती लावला तरी निघत नाही.”

“पण प्रश्नात रिंग कुठाय? पत्रा आहे,” पणकर.

“बरोबर, पत्रा आहे,” ठप्पा.

वकीलबाई पुढे सरकली. “हे बघ, भोक पाडलंच नाही असं समज. अख्खा पत्रा आहे आणि मधे पेन्सिलीने एक गोल काढलाय. तापवला. गोल मोठा होईल की लहान?”

“मोठा,” डॉक्टरीण म्हणाली.

“आता तेवढीच चकती काढून घे. ती मोठी झालीये ना? मग ती जिथून निघाली ती जागा लहान कशी असेल? चकती काय अंग चोरून बसली होती?”

वेल्डरने मांडीवर थाप मारली. डॉक्टरणीने ओठ आवळून कागदावर ‘मोठं’ लिहिलं. ठप्पा म्हणाला, “मी आधीपासून तेच म्हणत होतो.”

असं चाललं होतं. बाविसाव्या प्रश्नाला जाताना चाळीसचा वेग, येताना साठचा, तर सरासरी पन्नास हे ठप्पाने छातीठोकपणे सांगितलं, आणि वकीलबाईने रस्ता एकशेवीस किलोमीटरचा धरून त्याला जायला तीन तास आणि यायला दोन तास लावले. दोनशेचाळीसला पाचाने भागल्यावर बिचारा अठ्ठेचाळीसवर आला आणि कपाळावर हात मारून बसला. एकतिसावा प्रश्न मात्र अडला. त्यावर पाचजणांची तीन मतं. तो शेवटी बघू म्हणून सोडला.

वकीलबाईने तो परीक्षेतही सोडलाच होता. चुकलं तर एक गुण कापला जायचा, आणि हात गार पडले की तिचा स्वतःवरचा भरवसा उडायचा. बाकी एकोणसाठ तिने सोडवले होते, प्रश्नपत्रिकेवर पर्यायाशी टिंबं केली होती आणि मग, शिकवल्याप्रमाणे, शेवटच्या वीस मिनिटांत उत्तरांच्या कागदावर भराभर गोल काळे केले होते. एका नजरेने टिंब बघायचं, एका हाताने गोल भरायचा, डोकं बाजूला ठेवायचं.

साठावा प्रश्न सोपा होता. खिळा गंजला की वजन वाढतं, हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो, कुणीच भांडलं नाही. लिहिता लिहिता ठप्पा म्हणाला, “शेवटचा गोल भरताना माझं टोकच मोडलं राव. घंटा वाजत होती. अगदी तळातला गोल, आणि टोक नाही! नखाने पेन्सिल सोलून भरला.”

सगळे हसले. वकीलबाईही हसली, आणि हसता हसता तिला आपला कागद आठवला. मामांच्या हातात दिला तेव्हा तिचा अंगठा कागदाच्या तळाशी होता. अंगठ्याखाली साठाव्या ओळीचे चार गोल होते. चारही पांढरे.

तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं.

देताना तिने तपासलं होतं. एक प्रश्न सोडला, एक ओळ रिकामी, हिशेब जुळला. ओळ रिकामी आहे हे तिने पाहिलं. कुठली रिकामी आहे हे पाहिलं नाही. रिकामी असायला हवी होती एकतिसावी. म्हणजे एकतिसाव्या ओळीत तिने बत्तिसाव्याचं उत्तर भरलं होतं, बत्तिसाव्या ओळीत तेहतिसाव्याचं, आणि तसंच खाली एकोणसाठपर्यंत. एकोणतीस गोल, सगळे एक घर वर सरकलेले.

तिने मनात गुण मोजले. पहिले तीस ठीक. पुढचे नशिबाने सात-आठ बरोबर येतील, बाकीचे कापले जातील. पंधरा. फार तर सतरा. पहिल्या तुकडीत पन्नासच्या खालचं कुणी आजवर गेलं नव्हतं.

आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. तिला हळूहळू हलकं वाटायला लागलं. जाळी नाही. अकरा महिने नाहीत. लाल गाड्या मोजायच्या नाहीत. मामांना ‘नको’ म्हणायचं नाही, त्यांचं मन मोडायचं नाही. चूक झाली, बस्स. चूक कुणाचीही होते. मामा दोन दिवस गप्प राहतील, तिसऱ्या दिवशी म्हणतील, जाऊ दे बाळा, संध्याकाळचा वर्ग काही वाईट नाही. ती संध्याकाळी घरी येईल, ओट्यावर बसून शेजारच्या पोरांना अपूर्णांक शिकवेल. इतके दिवस न सापडलेलं दार तिने स्वतःच्या हाताने, नकळत उघडलं होतं.

“वकीलबाई झोपल्या,” पणकर म्हणाला. आज पहिल्यांदाच ‘पण’ विसरला होता.

“जागी आहे. आण तो एकतिसावा.”

एकतिसावा असा होता: लहान तळ्यात एक बोट, बोटीत एक जड दगड. दगड उचलून पाण्यात टाकला, तो बुडाला. तळ्याच्या पाण्याची पातळी वाढेल, कमी होईल, की तेवढीच राहील?

“वाढेल,” डॉक्टरीण म्हणाली. “दगड पाण्यात गेला, पाणी वर आलं. बादलीत तांब्या टाकला की येतं तसं.”

“पण दगड आधीही तळ्यातच होता ना, बोटीत बसून? तेवढीच राहील,” पणकर म्हणाला.

“दोन्ही पटतंय,” ठप्पा म्हणाला, आणि ते त्याच्या बाबतीत खरं असावं.

“करूनच बघू,” वेल्डर उठला. त्याने कपाटातून एक रुंद काचेची बरणी काढली. पाचजणांच्या बाटल्यांतलं पाणी तिच्यात ओतलं. ठप्पाचा स्टीलचा रिकामा डबा त्यावर तरंगत सोडला. “बोट झाली. आता दगड पाहिजे. चांगला जड.”

खोलीत जड काहीच नव्हतं. डस्टर लाकडी, कंपासपेट्या पोकळ. सगळ्यांच्या नजरा दाराकडे गेल्या.

“मामांकडे कुलूप आहे की,” ठप्पा म्हणाला. “दाराचं. पितळी. वीट आहे नुसती.”

“जा वकीलबाई. तुझे मामा. आम्हाला नाही द्यायचे,” वेल्डर म्हणाला.

ती खिडकीशी गेली. बाहेर मामा स्टुलावर ताठ बसले होते, गठ्ठा मांडीवर, हजेरीची खोडरबरवाली पेन्सिल कानावर. व्हरांडा रिकामा होता. शेजारच्या दोन खोल्यांतून भांडणं ऐकू येत होती.

“मामा, दाराचं कुलूप दे ना थोडा वेळ. प्रयोग करायचाय.”

“अगं, दाराचं कुलूप कसं देऊ?”

“कडी आहेच की बाहेरून. आणि तूही आहेस. कुठं पळणार आम्ही?”

मामांनी इकडेतिकडे पाहिलं, कुलूप काढलं आणि गजांमधून आत सरकवलं. देताना तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. “रडलीस का?”

“नाही रे.”

“मग चेहरा असा का झालाय?”

वेल्डरने मागून कुलूप तिच्या हातातून घेतलं. ओट्याभोवती गलका सुरू झाला. तिला वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. संध्याकाळी गुणांची चिठ्ठी बघून धक्का बसण्यापेक्षा आपल्या तोंडून बरं. ती गजांना टेकून हळू आवाजात म्हणाली, “मामा, माझे गोल चुकलेत. एकतिसावा सोडला होता, पण ओळ सोडायची विसरले. तिथून पुढचे सगळे एक ओळ वर भरलेत मी.”

मामांना आधी कळलंच नाही. तिने बोटाने हवेत दाखवलं: ही ओळ रिकामी हवी होती, ती शेवटी राहिली, हा गोल खरा इथे, तो खरा इथे.

“म्हणजे उत्तरं बरोबर आहेत?” मामांनी विचारलं. “जागा चुकली फक्त?”

“हो. पण यंत्राला काय कळतंय?”

मामांचा हात मांडीवरच्या गठ्ठ्यावर होता. तो तिथेच राहिला.

“असू दे, मामा,” ती म्हणाली. “खरंच असू दे. मला नाही वाईट वाटत. तू काही मनाला लावून घेऊ नकोस.” आणि हे म्हणताना तिचे डोळे भरून आले, कारण हलकं वाटलं की तिला नेहमीच रडू येई. मामांना हे ठाऊक असायला हवं होतं. पण समोर डोळे भरलेली भाची असताना माणसाला काय काय ठाऊक राहणार?

“बरं,” मामा म्हणाले. “जा, तुझं काम कर.”

ओट्यावर डब्यात कुलूप ठेवून झालं होतं. डबा खोल बसला होता आणि बरणीतलं पाणी वर चढलं होतं. वेल्डरने काचेवर पेनाने रेघ मारली. “कुलूप आत आणि आपणही आत,” ठप्पा म्हणाला. “दाराला काय, नुसती कडी!” आणि स्वतःच्याच विनोदावर खिंकाळला.

डॉक्टरणीने कुलूप उचलून अलगद पाण्यात सोडलं. ते तळाशी जाऊन बसलं. मोकळा झालेला डबा टुणकन वर आला. पाचही डोकी काचेला भिडली.

पाणी रेघेच्या खाली गेलं होतं. चांगलं बोटभर.

“हे कसं?” डॉक्टरीण म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं.

आणि मग वकीलबाई बोलायला लागली. दगड बोटीत असतो तेव्हा पाण्याला त्याचं सगळं वजन पेलावं लागतं. वजनाइतकं पाणी बाजूला सारावं लागतं. तळाशी गेला की वजन तळ पेलतो. पाण्याला फक्त त्याच्या आकारापुरती जागा द्यावी लागते. पणकरने तीन वेळा ‘पण’ केलं आणि तिन्ही वेळा ती हसत त्याच्या बाजूने जाऊन परत आली. तिने कल्पनेतच दगडाच्या जागी लाकूड घालून दाखवलं, मग बर्फ. तिला बोलताना बघून वेल्डर म्हणाला, “तू मास्तरीण हो गं. बाकी काही होऊ नकोस.” ती खळखळून हसली. त्या खोलीत, बाहेरून कडी घातलेली असताना, तिला इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं.

पाच सह्या झाल्या. कागद फटीतून बाहेर गेला.

दार उघडलं नाही.

“मामा, झालं!” ठप्पाने दार वाजवलं. कागदाचं टोक फटीत दिसत होतं. कुणी उचललं नव्हतं. “मामा!”

“आलो. आलो रे. दोन मिनिटं.”

दोनाची सात-आठ झाली. मग कडी निघाली. मामांचे डोळे लाल होते आणि कपाळावर घाम. त्यांनी कुणाकडे न बघता ओलं कुलूप हातात घेतलं, सदऱ्याला पुसलं, गठ्ठा बगलेत मारला आणि जिना उतरून गेले. ती समजली, आपल्यासाठी रडले असतील. तिला त्यांची फार माया आली. संध्याकाळी त्यांच्या आवडीचं काहीतरी करू, असं तिने ठरवलं.

पाच वाजता खालच्या दालनात यंत्रातून चिठ्ठ्या निघायला लागल्या. सर एकेकाचं नाव वाचून देत होते. तिने आपली हात पुढे करून घेतली, न बघता मुठीत धरली, आणि चेहरा जरासा पाडून ठेवला, कारण आता पाडावा लागणार होता. तेवढ्यात यंत्राशेजारची यादी बघून आलेल्या ठप्पाने तिच्या पाठीत धपाटा घातला. “सत्तावन्न! अगं, दुसरी आलीस!”

तिने चिठ्ठी उघडली.

बरोबर ५८. चूक १. रिकामा १. रिकामा प्रश्न क्रमांक ३१.

तिने ते तीन वेळा वाचलं. एकतीस. साठ नव्हे, एकतीस.

तिने मान वर केली. मामा फळ्याशी होते. त्यांच्या गडद विजारीवर, मांडीपाशी, खोडरबराचा करडा चुरा अडकलेला होता, बराच होता. पेन्सिल कानावर नव्हती. शास्त्र, गणित, काही येत नव्हतं त्यांना, आणि यायची गरजही नव्हती. तळापासून सुरुवात करायची. वरचा गोल खोडायचा, खाली भरायचा. एकोणतीस वेळा. बावीस वर्षं खडूचा तुकडा न नेलेल्या हाताने.

मामांनी तिचं नाव लिहायला घेतलं. सावकाश लिहिणार होते ना? पण मोत्यासारखं अक्षर त्या एका ओळीत वाकडं आलं. त्यांनी ते पुसलं नाही.

निवडलेल्या सोळाजणांना सर एकेक करून विचारत, हजेरीवहीत सही घेत. तिची पाळी आली. “वकीलबाई! परवापासून वर. तुझी नेहमी काहीतरी हरकत असते. बोल, काही हरकत?”

सगळे हसले. ती उभी होती. आयुष्यात कुठल्याही प्रश्नाला तिला दोन्ही बाजू सुचल्या होत्या. खरं सांगावं तर मामांची नोकरी जाईल. नोकरीचं एक वेळ ठीक, पण नाव जाईल, आणि त्या माणसाकडे नावाशिवाय दुसरं होतं काय? आणि नुसतंच ‘मला यायचं नाही’ म्हणावं, तर मग त्यांनी ते एकोणतीस गोल कशासाठी खोडले? मामा फळ्याकडे तोंड करून उभे होते, पाठ ताठ, वळून न बघता.

“नाही सर,” ती म्हणाली, आणि सही केली.

घरी जाताना दोघं नेहमीच्या रस्त्याने चालले होते. मामा एक पाऊल पुढे. लाल गाडी गेली. मग आणखी एक. कोपऱ्यावर मामा थांबले, पायातली चप्पल उगाच नीट केली आणि खाली बघतच म्हणाले, “ते एकतिसाव्याचं उत्तर काय होतं गं?”

तिने त्यांच्याकडे पाहिलं.

“तेवढं एक मला नाही भरता आलं,” मामा म्हणाले. “येत नव्हतं ना मला.”

“पाणी खाली जातं, मामा. दगड बोटीत असेपर्यंत पाण्यावर त्याचा भार जास्त असतो. बाहेर टाकला की पाणी उतरतं.”

“असं होय,” मामा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला; दुपारपासून पहिल्यांदाच. “म्हणजे तेही येत होतं तुला!”

“हो,” ती म्हणाली. “येत होतं.”

मामांनी तिच्या खांद्यावरून दप्तर काढून आपल्या खांद्याला लावलं आणि झपाझप चालायला लागले. परवापर्यंत बरंच काही करायचं होतं. एक ट्रंक आणायची होती, आणि ट्रंकेला कुलूप.